एक वाईट केबल पाहिजे

पाहुणे येणार म्हटलं की माणसं घर आवरतात. तिथवर ठीक आहे. पण पाहुणे येणार म्हणून प्रयोगशाळा आवरायची नसते, हे स्टोअरवाल्या काकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाहुण्या म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत लागणारे कॅमेरे आणि पडदे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुख बाई. सर्जनच्या हातातल्या कॅमेऱ्यापासून भिंतीवरच्या पडद्यापर्यंत लांबलचक केबल जाते, आणि भन्नाट वेगानं निघालेला सिग्नल दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पार दमतो. त्याला वाटेत पुन्हा दम देणारी चिप, म्हणजे रिपीटर, सिग्नलरावांनी बनवली होती. ऑफिसात त्यांना सगळे सिग्नलरावच म्हणत. अशा चिपा बाजारात होत्या, पण त्या वीज पीत आणि तापत. आणि नेमक्या तिथंच सर्जनची बोटं. सिग्नलरावांची चिप इतकी कमी वीज घ्यायची की मीटरचा काटा हलला की नाही यावर वाद व्हायचे.

“उद्या ऑर्डर मिळाली तर मिळाली,” साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “नाहीतर ही चिप बंद. परवापासून तुम्ही चार्जरच्या विभागात.”

सिग्नलरावांना चार्जरबद्दल राग नव्हता. पण आयुष्यभर सिग्नलची नाडी बघितलेल्या माणसाला फोन चार्ज करायला बसवणं म्हणजे शिक्षाच की!

बाई आल्या. पडद्यावर लख्ख चित्र उमटलं. साहेब हसले. बाईंनी मान डोलावली नाही, नुसतं म्हणाल्या, “आता मधली चिप काढा.”

सिग्नलराव याचीच वाट बघत होते. आता चित्र जाणार, पडदा काळा होणार, आणि चिपची किंमत कळणार! त्यांनी ऐटीत चिप काढली, केबल सरळ जोडली.

चित्र तसंच. लख्ख.

“छान,” बाई म्हणाल्या. “चिप नसताना वीज शून्य लागते आणि चित्रही तेवढंच सुंदर. मग मी शून्यच का घेऊ नये?”

सिग्नलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते वाकून टेबलाखाली बघायला लागले. “काका, माझी केबल कुठाय? काळी, वाकडीतिकडी, एका टोकाला चेपलेली?”

“ती होय?” काका छाती पुढं काढून म्हणाले. “टाकली भंगारात! गाडी कालच घेऊन गेली. पाहुण्यांपुढं तसलं लक्तर? ही नवी आणली. एक नंबर माल आहे.”

झालं! सगळं मुसळ केरात, आणि तेही अक्षरशः. दोन वर्षं सिग्नलरावांनी ती केबल जपून बिघडवली होती. तिच्यातून सिग्नल जिवंत बाहेर काढायचा, ही त्यांच्या चिपची खरी परीक्षा. आणि काकांनी परीक्षकालाच घालवून दिलं.

सिग्नलरावांनी खरं काय ते सांगून टाकलं. “मॅडम, केबल फार चांगली आहे हो. आम्हाला वाईट केबल पाहिजे.”

“हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकतेय,” बाई म्हणाल्या. “माझं जेवण होईपर्यंत शोधा. मग मी निघते.”

बाई जेवायला गेल्या आणि ऑफिसात शोध सुरू झाला. ज्या ऑफिसात ‘केबल खराब आहे’ म्हणून रोज कुणीतरी बोंब मारत असे, तिथं आज एक खराब केबल मिळेना. काकांनी पाहुण्यांच्या मानासाठी सगळ्याच बदलल्या होत्या. मग असलेलीच बिघडवायची ठरलं. ती दारात ठेवून दार आपटलं. तिला गाठी मारल्या. शेवटी साहेब स्वतः बुटांसकट तिच्यावर उभे राहिले. चित्र लख्ख.

“बघा!” काका म्हणाले. “मी सांगत नव्हतो? माल एक नंबर!”

साहेबांनी काकांकडे असं बघितलं की काका पाणी प्यायला निघून गेले.

सिग्नलरावांनी हात टेकले, आणि हात टेकलेला संसारी माणूस जे करतो ते केलं. घरी फोन लावला.

“अगं, आपल्या टीव्हीची केबल घेऊन ये ना. लगेच.”

“कोणती? जिच्यातून सासूबाईंना मालिकेत नुसता पाऊस दिसतो, ती?”

“तीच!”

“वर्षभर सांगतेय बदला म्हणून. आज मुहूर्त सापडला?”

“बदलायची नाहीये गं. तशीच पाहिजे. पुसूसुद्धा नकोस!”

तिकडं बाईंचा शेवटचा घास आत गेला आणि इकडं सिग्नलरावांची बायको आत आली. तिच्या हातातली केबल बघून सिग्नलरावांचे डोळे भरून आले. सोफ्याच्या पायाखाली चेपलेली, कपाटाच्या दारात चावलेली, जागोजागी मुरगळलेली. अशी केबल मागून मिळत नाही. तोवर बाईही परतल्या.

केबल सरळ जोडली. पडद्यावर आधी मुंग्या, मग काळोख.

“अरे वा!” साहेब ओरडले. काळोख बघून टाळ्या वाजवणारं ते जगातलं पहिलंच ऑफिस असावं.

सिग्नलरावांनी मध्ये चिप बसवली. पडदा एकदा लुकलुकला, आणि चित्र आलं. लख्ख! बाईंनी स्वतः चिप काढली: काळोख. बसवली: लख्ख. लहान मुलीनं दिव्याचं बटण खालीवर करावं तसं त्यांनी ते कितीतरी वेळा केलं. मग चिपवर अंगठा दाबून धरला.

“गार आहे ही. चालू आहे ना?”

“चालू आहे, मॅडम,” सिग्नलराव म्हणाले.

“आमच्या केबलींवरून दिवसभर स्ट्रेचरची चाकं जातात. दुसऱ्या आठवड्यात त्या अशाच दिसतात. ऑर्डर पक्की! पण एक अट. प्रत्येक खेपेची चिप याच केबलवर तपासायची. आणि अशीच एक आमच्याकडंही हवी.”

साहेबांचा चेहरा पडला. “अशीच? अशी कुठून आणायची? आम्ही तर उभं राहूनही बघितलं.”

सगळ्यांनी बायकोकडं बघितलं. तिनं टेबलावरची ती एक नंबर नवी केबल शांतपणे उचलली, गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

“ही घरी लावते,” ती म्हणाली. “‘नीट ठेवा, जागेवर ठेवा’, यातलं एक अक्षर मी यांना वर्षभर बोलणार नाही. आपोआप तशीच तयार होईल.”

बाईंनी पेन काढलं आणि ऑर्डरच्या कागदावर, दुसऱ्या केबलच्या मुदतीपुढं, एक वर्ष असं लिहून सही केली.