पाक गितोंचा होला आणि बायकोचा फोन

पाक गितो आंघोळ करून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या बायको बू मुर्नी हातातल्या फोनकडे भूत बघावं तशा बघत होत्या.

"अहो, हा फोन सकाळपासून मला पक्ष्यांच्या पिंजऱ्यांच्या जाहिराती का दाखवतोय?"

पाक गितोंचा टॉवेल गळून पडला. नेसलेला नव्हे, खांद्यावरचा. पण तोंडावरचं पाणी तिथल्या तिथे सुकलं.

जावातल्या पुरुषाकडे पाच गोष्टी हव्यात, असं जुनी माणसं सांगतात: घर, बायको, घोडा, कट्यार आणि गाणारा पक्षी. पाक गितोंचं सोलो शहरात घर होतं, घोड्याच्या जागी स्कूटर होती, कट्यार भिंतीवर गंजत होती. अडलं होतं ते पक्ष्यापाशी. मागच्या होल्याला, म्हणजे त्या छोट्या कबुतरासारख्या पक्ष्याला, सर्दी झाली म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला दांडी मारली होती. तेव्हाच बू मुर्नींनी बजावलं होतं, "पुन्हा पक्षी आणलात, तर मी क्लातेनला बहिणीकडे. कायमची!"

आणि पाक गितोंनी गुपचूप नवा होला घेऊन मित्राच्या परसात ठेवला होता. पिंजरा, दाणा, सगळं फोनवर शोधून.

"पण मी शोधलं माझ्या फोनवर! तिच्या फोनकडे चुगली केली कोणी?" त्यांनी त्या मित्राला, तुकिजानला, विचारलं.

"दोन्ही फोन एकाच वायफायवर ना? मग त्या एका घरातल्या जावा समज. एकीला कळलं की दुसरीला कळलंच." तुकिजान होल्याचेच दाणे चघळत म्हणाला. "चकवा द्यायचा, गड्या. पक्ष्यांशी बापजन्मी संबंध नाही असं काहीतरी शोध."

पाक गितोंना काही उमगलं नाही, पण त्यांनी मनात येईल ते शोधलं. पाळणे. दुपटी. बाळाची पावडर.

पिंजरे गेले खरे. पण शनिवारी भिशीत फोटो काढायला बू मुर्नींचा फोन हातोहात फिरला.

"अगंबाई, पाळणे! मुर्नी, या वयात?"

"छे गं! मला काय झालंय?"

"मग कोणाला?" शेजारच्या बू येकतींनी विचारलं आणि सगळ्यांची केळ्याची भजी तोंडातच थांबली. "सांगू नये, पण तुझे हे रोज संध्याकाळी तुकिजानच्या परसात लाडात बोलतात. कुंपणाआडून ऐकलंय मी. 'सोनुल्या, दोन घास खा ना. हिचा राग उतरला की घरी नेतो तुला.'"

भिशी तशीच्या तशी उठली आणि तुकिजानच्या परसात जाऊन थडकली. पाक गितो तिथेच होते.

"कुठे लपवलंय?" बू मुर्नींनी परसभर नजर फिरवत विचारलं.

"कळलं तुला?" पाक गितो पांढरेफटक पडले.

"सगळ्या गल्लीला कळलंय! किती दिवस चाललंय हे?"

"आठवडाच झाला गं. एकटं वाटायचं."

"आणि आठवड्यात पाळण्यापर्यंत मजल?"

पाळणा कुठून आला, ते पाक गितोंना क्षणभर आठवेना. त्यांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. होल्याने मान तिरकी केली, सगळ्या भिशीकडे बघितलं आणि घुमायला सुरुवात केली.

बू मुर्नी मटकन खाली बसल्या. "पक्षी? नुसता पक्षी?" त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग पिंजरा स्वतः उचलून घरी निघाल्या. आपण धरले गेलो आणि तरी सुटलो कसे, याचा विचार करत पाक गितो मागून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत होला गात होता. बू मुर्नी फोन बघत गालात हसत होत्या. पाचही गोष्टी जमलेल्या पाक गितोंनी कॉफीचा घोट घेत स्वतःचा फोन उघडला.

मांजरं. काळी, ढवळी, वाघासारख्या पट्ट्यांची. 'चपळ. शिकारीत पटाईत. घरपोच मिळेल.'

त्यांनी बायकोकडे बघितलं, होल्याकडे बघितलं. ते उठले आणि पिंजरा छपराच्या आढ्याला टांगायला स्टुलावर चढले.

"अहो, इतक्या वर कशाला?" बू मुर्नी गोड आवाजात म्हणाल्या. "खालीच असू दे की. जवळून छान दिसतो."