आजोबांच्या ओठांचा रंग

नीलकंठरावांच्या छोट्या नातीचे, सलोनीचे, ओठ थंडीने फुटले होते आणि ओठांना काहीही लावलं की ती चाटून मोकळी व्हायची. म्हणून सून रुचिराने बजावलं, "बाबा, लिप बाम बिना वासाचा, बिना रंगाचा आणा. पोटात गेला तरी चालेल असा."

नीलकंठरावांनी संरक्षण कारखान्यात जन्मभर माल तपासला होता. बड़ा फुहारा बाजारातल्या दुकानात त्यांनी एक पारदर्शक कांडी निवडली, हुंगली आणि स्वतःच्याच ओठांवर दाबून फिरवली. आरशात पाहिलं. वास नाही, रंग नाही. पास!

"अंकल जी, ये वाला थोड़ी देर में..." दुकानदार म्हणेपर्यंत ते पैसे देऊन रिक्षात बसलेही. मदन महलच्या त्यांच्या कॉलनीत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता आणि प्रमुख वक्ते तेच होते.

ते मंचावर चढले, तशी अध्यक्ष अंबादासांनी मान पुढे काढली. "भाऊ, आजच्या दिवशी पान खाऊन आले?"

"मी? जन्मात नाही खाल्लं!"

"मग ओठ काहून लालभडक दिसून राहिले?"

नीलकंठरावांनी मोबाइलच्या काचेत पाहिलं आणि हादरले. कांडी ओठांच्या उबेने रंगणारी होती. रुमालाने घासलं, तर रंग आणखीच खुलला. खालून कुणी ओरडलं, "खुद ही खा के आए हैं!" लोक हसायला लागले.

आता लिप बाम लावल्याचं माइकवरून सांगायचं? त्यापेक्षा पान बरं.

"होय, खाल्लं," नीलकंठराव म्हणाले. "पण आजपासून सोडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचा आलोक भारावून उठला आणि त्याने खिशातली गुटख्याची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मागोमाग रांगच लागली. अंबादासांनीही जाकिटाच्या आतल्या खिशातून हळूच एक पुडी काढली.

कार्यक्रम संपल्यावर आलोकची बायको विनता जवळ आली. "काका, ते पान नव्हे. आमच्या तनयलाही मी तोच बाम लावला होता. लिपस्टिक लावली म्हणून शाळेत बोलणी खाल्ली त्यानं."

नीलकंठराव गोरेमोरे झाले. "मग तू तिथंच काहून नाही बोलली?"

"बोलायला उभीच राहिली होती. तेवढ्यात ह्यांनी पुडी टाकली. मग बसली ना जी गुपचूप!" ती आवाज खाली आणून म्हणाली, "सलोनीला घरचं तूप लावा. आणि हा रंग लवकर नाही जात. तोवर घराबाहेर नका पडू. तुमचे ओठ पुन्हा लाल दिसले, तर आमचे हे आजच डबा उपसतील."