धामणखिंडीच्या उजव्या कौलाचा कज्जा

आधी गावदेवीस, मग गावाच्या पांढरीस, आणि मग जे कोणी हे वाचतील त्यांच्या सबुरीस दंडवत घालोन वर्तमान लिहिले ऐसे की, शहापूर तर्फेस मौजे धामणखिंड म्हणोन गाव, उंबरे एकशे चाळीस, भात उत्तम, नाचणी मध्यम, भाऊबंदकी अव्वल; आणि ज्या साली गावात चौथ्या जीची रेंज मिळेना तोच पाचव्या जीची पाटी लागली, त्या साली कार्तिकमासी हे युद्ध पेटले. लढाया जगात पुष्कळ जाहल्या, परंतु स्वतःच्या सुनेवर वकील घेऊन चालून जाणारी आणि स्वतःच्याच तोंडाने शिकस्त खाणारी सेनानी एकच जाहली. तिची कीर्ती लपविणे म्हणजे कोंबडे झाकणे, सबब लिहिली असे.

त्या मौज्यात मातोश्री गिरजाबाईसाहेब राज्य करीत. विद्या इयत्ता दुसरी पावेतो; सही करीत ती ऐसी की अर्धी या ओळीत आणि अर्धी खालच्या; परंतु जिभेस धार म्हणावी तर कोयत्याने मान खाली घालावी. चुलीचा, कणगीचा आणि पुत्र चंदर यांचा कुल अखत्यार बाईंकडे. त्याहून थोर मान गावदेवीच्या कौलाचा. देवीच्या शेंदरी पाषाणावर पाणी लावोन कळी डकवावी, गाऱ्हाणे घालावे, आणि कळी उजवीकडे पडली तर देवीचा होकार, डावीकडे पडली तर नकार. सात पिढ्या हा मान या घरी. आणि उजवी म्हणजे देवीची उजवी, पाहणाराची नव्हे. समोर उभे राहणारास ती डावी दिसे. हे वर्म कौलकऱ्याच्या घरी, बाकी गाव कळीकडे न पाहता कौलकऱ्याच्या तोंडाकडे पाही.

ऐसे राज्य सुरळीत चालू असता सरपंचपद बायकांस सुटले, आणि सून नम्रता, बारावी पास, बचत गटाची म्होरकी, हिने तहसिलीत जाऊन उमेदवारीचा अर्ज भरला, आणि भरोन जाहल्यावर घरी सांगितले. भातसेच्या धरणाचे पाणी आपल्या उशावरोन मुंबईस जाते, त्यातला एक नळ गावात आणीन, ऐसा तिचा मनसुबा. मनसुबा वाईट नव्हता. परंतु,

"आदी फॉर्म भरायचा आन् मंग सासूला सांगायचं! चांगली रीत हाय गो तुजी!"

"तुमी नाय म्हनाल म्हनून."

"म्हनलेच असते!"

"म्हनूनच."

येथे सलोखा तुटला आणि चूल एक असता छावण्या दोन जाहल्या.

हे ऐकताच कट्टर गावदेवी रक्षक दलाचे दलपती भाविकराव वाशिंदेहून धावत आले. भाविकराव मूळ गावचेच, परंतु वाशिंदेस नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहून गावाचे रक्षण करीत, तेही रविवारी. त्यांचा पंथ कडक. मत ही परक्यांची ब्याद, देवीचा कौल हीच खरी निवडणूक, जो न मानील तो देवीचा वैरी, ऐसे ते माईक लावोन सांगत. मात्र ब्यादेच्या निवडणुकीस त्यांनी आपली वहिनी दामिनीबाई उभी केली होती. मतदानाच्या आधले मंगळवारी ते ढोल घेऊन देवळी आले, आणि दामिनी सरपंच व्हावी काय, ऐसा कौल मागितला. बाईसाहेबांनी कळी डकविली, गाऱ्हाणे घातले, आणि थोडक्याच वेळात कळी सुटली ती बाईसाहेबांच्या उजव्या हातास पडली, म्हणजे देवीच्या डाव्या हातास. देवीने साफ नकार दिल्हा. परंतु दलपतीस वर्म ठाऊक नाही; ते मोबाईल रोखोन होते ते "उजवा! उजवा!" ऐसे गर्जले, ढोल वाजले, गुलाल उधळला. बाईसाहेबांनी खरे सांगावयास तोंड उघडले; इतक्यात पायरीवर नम्रता दिसली, हातात प्रचाराच्या कागदांची पिशवी, आणि उघडले तोंड मिटले. जी जीभ नवऱ्यापुढे थांबली नाही, तलाठ्यापुढे थांबली नाही, ती त्या दिवशी आपखुशीने दातांआड गेली. मनात म्हणाल्या, पडू दे एकदा, म्हणजे विचारून करील.

परंतु गाव अनावर. मतदान जाहले, यंत्रे उघडली, आणि नम्रताबाई अकरा मतांनी सरपंच जाहली. म्हणजे देवी बोलली तेच घडले. हे अवघ्या मुलखात एकीसच ठाऊक, आणि तिची जीभ दातांआड.

मग वाशिंदेस खलबत बसले. इमारतीची लिफ्ट बंद, सबब बाईसाहेब जिन्यास शिव्या देत गड चढल्या. पंधरा दिवसांत अर्ज पडला पाहिजे ऐसे वकिलाने सांगितले, आणि अर्ज लिहिला तो ऐसा की, देवीची आज्ञा आधी सुटली असता मतदान घेणे हा आज्ञाभंग. यंत्राचे तोंड दक्षिणेस म्हणजे यमाकडे होते. शाई डाव्या बोटास लाविली, आणि डाव्या हाताचे कार्य देवास मंजूर नाही. आणि ज्यांनी कौल ऐकोनही नम्रताबाईस मत दिल्हे त्यांची मते धर्माने मेली, ती वजा करावी. वजा केली असता नम्रताबाईस शून्य राहतात आणि दामिनीबाई विक्रमी बहुमताने येतात. हे वाचोन खुद्द वकील खोकले, परंतु लिहिले.

मग एक मोटार आणि तीन फटफट्या ऐसी फौज शहापूर कचेरीवर धडकली. अर्जदार म्हणोन खुद्द गावदेवीचे नाव घातले होते. कारकुनाने चष्मा कपाळावर चढविला.

"अर्जदाराचं वय?"

"सृष्टीच्या आधीचं," भाविकराव बोलिले.

"मतदार यादीत नाव?"

येथे फौज थबकली. कारकुनाने समजाविले की, कायद्याने देव हा कायम अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला; अठराच्या आतल्यास मत नाही, आणि मत नाही त्यास निवडणुकीवर अर्ज नाही.

"माजी देवी अज्ञान?" बाईसाहेब कडाडल्या. "अरे, तुजा खापरपणजा रांगत व्हता तवा ती गाव राखत व्हती!"

"आजी, मी नाय म्हणत, कायदा म्हणतो."

मग गावचा मतदार शोधू लागले. दलपतींचे मत वाशिंदेस. शिपायांत कोणी कसाऱ्याचा, कोणी भातसानगरचा. गावाच्या रक्षकांत गावचे मत एक नाही. दामिनीबाईस फोन लाविला तो तिने शेतातून जाब दिल्हा की, "माजं भात कापायचं ऱ्हायलंय. पडले ते पडले. आता कोर्टात नाचवू नका मला." मग सर्वांच्या नजरा एके ठिकाणी येऊन थांबल्या, आणि बाईसाहेबांनी दोन ओळींत मावेल ती सही ठोकिली. अर्जदार गिरजाबाई, जाबदार नम्रताबाई, पत्ता दोघींचा एकच.

पुढे तारखा पडू लागल्या. तारीख हा मोठा अवघड मुलूख. जाण्यास दिवस मोडतो आणि हाती पुढील तारीख येते. तारखेचे सकाळी गनीम उठोन भाकऱ्या थापी, सुकटीची चटणी वाटी, आणि दोन फडक्यांत बांधी. कचेरीच्या ओसरीवर एका बाकाच्या दोन टोकांस दोन्ही पक्ष बसत आणि एकाच पाट्याची चटणी खात. बोलणे बंद. फक्त एकदा बाईसाहेब भिंतीस उद्देशोन म्हणाल्या की, मीठ कमी हाय. आणि पुढील तारखेस मीठ बरोबर जाहले.

चवथे तारखेस साक्ष निघाली. न्यायासनावर बाई होत्या, सुनेच्याच वयाच्या, आवाज मऊ. दलाने मोबाईलातील कळी सर्वांस दाखविली. वकिलाने पुसिले, कळी उजवीकडे पडली हे खरे काय. बाईसाहेब म्हणाल्या, दिसतंय की. वकील तृप्त होऊन बसले. नम्रताबाईने वकील दिल्हा नव्हता. तिने उलटतपासास परवानगी मागितली आणि पदर सावरून उभी राहिली.

"आई, माज्या लग्नाच्या वक्ताला कौल तुमीच लावला व्हता. मी पायरीवर व्हते. कळी तुमच्या डाव्या हाताला पडली, आन् तुमी म्हनलात, देवी व्हय म्हनली."

"मंग?"

"मंग उजवा कुनाचा धरायचा? तुमचा का देवीचा? तुमचा धरला तर मी या घरात कशी?"

बाईसाहेबांचे चित्त सात पिढ्या फिरोन आले. पाहणाराचा उजवा म्हणावा तर सारे कौल उलटे जाहले. विहीर नको तेथे खणली, तिला पाणी लागले तेही बेकायदा. बांधांचे निवाडे रद्द, निम्म्या गावाची लग्ने रद्द, चंदर बिनलग्नाचा, नात योगिनी कोणाची कोण, आणि सासरे, आजेसासरे एका ओळीने खोटारडे. देवीचा उजवा म्हणावा तर सून सरपंच राहते आणि आपण मुलखात हसे होतो. भाविकराव मागून खुणा करीत, "तुमचा म्हना, तुमचा!" आता सत्याची चाड म्हणोन बाईसाहेब बोलल्या ऐसे कोणी सांगेल तर ते खोटे. घराण्याचा ताठा होता, तो बोलिला.

"उजवा देवीचा. माज्या उजव्या हातानं भाकऱ्या व्हतात, कौल नाय."

"मग दामिनीबाईंचा कौल?" न्यायासनाने पुसिले.

"देवी नाय म्हनली. तोंडावर नाय म्हनली."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

बाईसाहेबांनी छताकडे पाहिले, वकिलाकडे पाहिले, आणि सोडवायास कोणी येत नाही ऐसे दिसता खाली पाहून म्हणाल्या, "राग आला व्हता."

"कुणाचा?"

"हिचा." आणि बोटाने सरपंच दाखविली.

मग निकालाचा हुकूम सुटला तो ऐसा की, देवी उजवी बोलो अथवा डावी, कायद्याने मते मोजावी, कौल मोजू नये. यंत्राचे तोंड कोणत्या दिशेस याची कायद्यास फिकीर नाही. बोट डावे हे कायद्यानेच नेमिले आहे. अकरा मते ज्यास्त ती ज्यास्त, सबब अर्ज फेटाळिला. म्हणजे बाईसाहेबांनी काळीज फोडोन जे खरे ओकिले, ते न ओकत्या तरी हेच होते. हे उमजताच त्या न्यायासनास म्हणाल्या, "आदी सांगायचंस ना गो बाय!" ते नोंदीत घेतले नाही.

बाहेर दलपतींनी फितुरीचा आरोप ठेविला. बाईसाहेबांनी फर्माविले, "फितूर कुनाला म्हनतोस रे? आदी तुजं मत गावात आन, मंग देवी राख." यावर दलाने मोटारीस किल्ली मारिली आणि फौज वाशिंदेकडे निघोन गेली, सेनानी रस्त्यावर उभी राहिली. इतक्यात गनिमाची स्कूटी समोर येऊन थांबली.

"बसा."

"मी यष्टीनं जाईन."

"यष्टी गेली."

"दुसरी येल."

"उद्या."

बाईसाहेब बसल्या. शिरस्त्राण एकच होते. ते जिंकणारीने काढोन हरणारीच्या डोईस घातले आणि पट्टा हनुवटीखाली आवळिला. चढावर बाईसाहेबांनी सुनेची कंबर दोन्ही हातांनी धरिली, ती उतार लागला तरी सोडली नाही.

निकालाची खबर मोबाईलाने पुढे पोहोचली होती. वेशीवर ढोल, ताशा, बचत गटाच्या बायका आरत्या घेऊन उभ्या. गुलाल ऐसा उडाला की शिरस्त्राणाची काच लाल जाहली. आतले तोंड कोणास दिसेना. गटातल्या जिवलीने पुसिले, "सरपंचबाय, मागं कोन गो? वकीलबाय काय?"

नम्रताबाईने गाडी बंद केली, मागे वळोन एकदा पाहिले, आणि म्हणाली, "व्हय. माज्या वकीलबाय."

गावाने वकीलबाईंचा जयजयकार केला. बाईसाहेबांनी काच वर केली नाही. उजवा हात तेवढा उचलला आणि अवघ्या गावाचा मुजरा घेतला, डावीकडील बायकांचा आधी, उजवीकडील पुरुषांचा मग.

येणेप्रमाणे शहापूरची मोहीम फत्ते जाहली. अर्जदार गिरजाबाई हरली. जाबदाराची वकील गिरजाबाई जिंकली. सरपंचकी नम्रताबाईकडे कायम, आणि कौल सात पिढ्यांचा होता तो तसाच शाबूत. नळ अद्याप आला नाही. त्याजसाठी दोघी मिळोन तालुक्यास निघाल्या आहेत, आणि तेथे बोलावयाचे काम कोणाकडे, हे सांगणे नलगे. हे खरे लिहिले असे.