मटणाच्या पातेल्याची इंग्रजी पाटी

शिवाजी पेठेतल्या आकारामतात्यांच्या घरात सून आल्यापासून दोन महिने मटण शिजलं नव्हतं. सून संयोगिता हातकणंगल्याची. लग्नात तिच्या वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ तात्यांनी पाहिली आणि तिथल्या तिथं फर्मान काढलं, "पोरीला त्रास नको, आजपासून मटण बंद. पोरानं बी तिच्यासमोर मटणाचं नाव काढायचं न्हाय." फर्मान काढायला काय जातंय? आठव्या रविवारी ते पाळताना तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

मग त्यांनी तोडगा काढला. परसात दुसरी शेगडी, मटणाचं दुसरं पातेलं आणि वर एक पाटी, म्हणजे सून चुकून शिवायची नाही.

"सून येऊन दोन म्हयनं झालं न्हाय तवर चूल वेगळी?" त्यांची बायको तानाबाई कडाडली. "पेठ तोंडात शेण घालंल की!"

म्हणून पाटी इंग्रजीत करायचं ठरलं. इंग्रजीत लिहिलं की कुणाचं मन दुखत नाही, अशी तात्यांची समजूत (पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी लोकांना नकार इंग्रजीतच कळवले होते). सकाळी चहा पिता पिता त्यांनी कागदावर चार शब्द उतरवले, कागद चहाच्या कपाखाली तसाच राहिला आणि ते मोहसीन पेंटरच्या दुकानात जाऊन बसले.

"'डिव्हायडेड' लिहू या?"

"नगं तात्या. रस्त्यातला डिव्हायडर हाय वाटून कोण तरी धडकंल."

"'पार्टिशन'?"

"कोर्टाची नोटीस हाय व्हय? न्हायतर प्लायवूडवाला मापं घ्यायला येईल."

"'स्प्लिट'?"

"पातेल्याला एसी बसवलाय व्हय?"

"मग 'सेपरेट'?"

मोहसीननं ब्रश कानामागं खोचला. "ह्ये झ्याक. भांडण न्हाय, तंटा न्हाय, नुसतं बाजूला."

लाल अक्षरांतली पाटी घेऊन तात्या ऐटीत घरी आले, तर दारात सुनेची बॅग भरलेली. हातात तोच कागद, डोळे सुजलेले.

"मामा, आम्हाला वेगळं काढायचं हुतं तर तोंडानं सांगायचं. ह्ये डिव्हायडेड, पार्टिशन कशाला?"

तात्यांनी पाटी पाठीमागं लपवली. मटण गेलं चुलीत, सोन्यासारखी सून चालली! "अगं पोरी," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "ते मटणाच्या पातेल्याचं हाय!"

"मटण?" संयोगिताचे डोळे एकदम कोरडे झाले. "तुम्ही मटण खाता?"

"खायचो. तू माळकरी म्हणून सोडलं."

"माळ आबांच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाय! दोन म्हयनं ह्या घरात भोपळ्याबिगर काय शिजलंय का? मला वाटलं, तुम्हीच माळकरी. मी तर चुलत्याकडं जाऊन गुपचूप रस्सा वरपून येत हुते."

तात्यांच्या जिवात जीव आला. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. सून राहिली आणि वर मटण परत आलं. त्यांनी स्वतः बॅग उचलून आत नेली आणि तसेच पिशवी घेऊन मटणाला पळाले.

दुपारी तांबड्या-पांढऱ्याच्या वासानं घर भरलं. बाह्या सरसावून तात्या पहिले पाटावर बसले. सगळ्यांच्या ताटात मटण पडलं. त्यांच्या ताटात मात्र उकडलेला दुधी आला.

"मामा, तुमचा रिपोर्ट आलाय," संयोगिता म्हणाली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि गेल्याच आठवड्यात तिनं हौसेनं घरादाराचं रक्त काढून नेलं होतं. "कोलेस्टेरॉल लई वाढलंय. आजपासून तुमचं भांडं वेगळं."

दुधीच्या पातेल्यावर तानाबाईनं लाल पाटी आधीच टेकवून ठेवली होती. शब्द तात्यांनी अगदी बरोबर निवडला, असं नळी फोडता फोडता सगळ्यांचं एकमत झालं.