टेकचंदच्या वाट्याची बियर

"दोन घंट्याचं काम हाये! जातो, टेक्याले बियर पाजतो, आन् चारच्या यष्टीनं वापस येतो!"

करडीच्या कवडूने अक्षय्य तृतीयेच्या सकाळी धोतर नेसता नेसता ही घोषणा केली. त्याची बायको रुखमिणी चुलीवर वडे तळत होती. तिचा हात कढईवर तसाच थांबला. टेकचंद पौषातच वारला होता, हे साऱ्या करडीला ठाऊक होतं. कवडूलाही ठाऊक होतं म्हणा, पण त्याने ते तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. कोणी विषय काढला की तो "टेक्या इथं नाही आता" असं म्हणायचा आणि बैलाच्या पाठीवर नसलेली गोचीड शोधायला लागायचा.

"पितराले बियर?" रुखमिणी म्हणाली. "लोक घागर भरतात, खीर-वडे वाढतात. मंदाबाई वाढन ना आपल्या नवऱ्याले! तुमी कायले मधात पडता?"

"मंदावहिनी पुरणपोळी वाढते. टेक्यानं जिंदगीत गोड खाल्लं का? उपाशी जाईन बिचारा!"

"आन् पितर म्हणून बसवसान कोणाले?"

या प्रश्नात दम होता. आमच्याकडे त्या दिवशी पितराच्या नावाने एखाद्या जित्या माणसाला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, पत्रावळीवर वाढतात. तो जेवला की पितर जेवला. त्याने घास घेतल्याशिवाय घरच्यांनी तोंडात काही घालायचं नाही.

"तिथं कोणीबी बसन! फुकटची बियर कोण सोडते?" कवडू म्हणाला. पत्रावळी-द्रोण पिशवीत घालून तो निघालासुद्धा.

आता ही बियरची भानगड काय, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी एक बियर गार्डन उघडलं. एसटी पुलावर आली की त्याची पाटी दिसायची : 'थंडगार बियर, ताजी मासोळी, नदीची हवा.' मोहाडीच्या बाजारात कापडाचं दुकान मांडणारा टेकचंद भंडाऱ्याच्या दर खेपेला ती पाटी मोठ्याने वाचायचा. सगळ्या एसटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने! मग शेजारी बसलेल्या कवडूला कोपर मारायचा. "का गा कवड्या, कधी जायचं? आयुष्यभर मोहाचीच दारू पेऊन मरायचं का?"

"धान निघू दे," कवडू म्हणायचा. धान निघालं की "मळणी होऊ दे." मळणी झाली की "पोरीचं लगन होऊ दे." अशी चार वर्षं गेली. पौषात टेकचंदला ताप भरला, आणि तिसऱ्या दिवशी कवडूने त्याला खांदा दिला. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती. या चाळीस वर्षांत टेकचंदने त्याच्याकडे मागून मागून काय मागितलं, तर सोबत! कवडूला तेवढीही देता आली नाही. चार महिने ही गोष्ट त्याच्या छातीत माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

तर कवडू गार्डनात पोचला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. वैशाखातली वैनगंगा आटून एका बाजूला सरकली होती आणि मालकाने त्या संधीचा फायदा घेऊन सहा टेबलं थेट रेतीत मांडली होती. श्रावण नावाचा उतारवयाचा वेटर खांद्यावर फडकं टाकून आला.

"किती जण, काकाजी?"

"दोघं."

"दुसरे कुठं हायेत?"

इथेच घात झाला! मेला, एवढंच म्हणायचं होतं. कवडूने तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना. शेवटी बाहेर पडलं ते भलतंच.

"येऊन राहिले."

"कोण?"

"टेकचंदभाऊ." आज पितर म्हणून यायचा होता, तर एकेरी कसं बोलायचं?

मग कवडू कामाला लागला. त्याने चपला काढल्या. समोरची खुर्ची उचलून दक्षिणेकडे तोंड करून ठेवली, आपल्या नव्या दुपट्ट्याने चार वेळा पुसली. टेबलावर पत्रावळ मांडली. आणि स्वतः बसला तो खाली रेतीत, मांडी घालून!

"काकाजी, खुर्चीवर बसा ना."

"त्याईच्या पहिले मी कसा बसू? पहिले त्याईले वाढा, मंग मी. पाय धुवाले पाणीबी आणून ठेवा!"

श्रावण जो पळाला तो मॅनेजर भैय्यालालपुढेच थांबला. "साहेब, कोणीतरी मोठा माणूस येऊन राहिला! आगाऊ माणूस पाठवला त्यानं. तो बिचारा खुर्चीवर बसाले तयार नाही!"

भैय्यालालचा चेहरा उतरला. रेतीतल्या टेबलांची परवानगी त्याच्याकडे नव्हती, आणि कोण्या साहेबाच्या नजरेत ती आली की झालंच! "उचला!" तो ओरडला. "टेबलं वर काठावर घ्या!" गिऱ्हाइकं बसल्या जागी वर गेली, म्हणजे गिऱ्हाइकं पुढे आणि त्यांच्या बाटल्या मागे. सासुरवाडीला पितराच्या जेवणाला म्हणून निघालेला एक जावई तिथे थंड होत बसला होता. "मोठा माणूस" एवढंच त्याच्या कानावर पडलं, आणि आपला सासराच आला असं समजून तो टेबलाखाली शिरला! ते टेबल लोकांनी वर नेलं तेव्हा तोही रांगत रांगत टेबलाखालून वर गेला.

अर्ध्या घंट्यात गार्डनाचा मांडव झाला. पाणी शिंपडलं, मरळ मासा तळायला टाकला, बर्फाच्या बादलीत दोन बाटल्या रोवल्या, देवाच्या फोटोवरचा हार काढून झटकून घेतला. फक्त कवडूचं टेबल हलवायची कोणाची छाती झाली नाही. रेतीत एकटी खुर्ची, एक पत्रावळ आणि खाली कवडू.

"आता वाढा गा," कवडू म्हणाला. उन्हं कलायला लागली होती. पितराची वेळ दुपारची, ती टळली की टळली.

"असं कसं, काकाजी? ते आल्यावरच बाटली फोडू!" भैय्यालाल अदबीने म्हणाला.

"त्याईले उशीर होईन..."

"होऊ द्या ना! मोठ्या माणसाले उशीर व्हायचाच."

कवडूच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. समोर मरळीचा वास सुटला होता. एक खोटं बोलून तो असा अडकला होता की उठताही येईना आणि बसवतही नव्हतं. तेवढ्यात पुलावरून एक सरकारी जीप उतरली आणि सरळ गार्डनाकडे वळली!

"आले! आले!" भैय्यालाल हार घेऊन धावला. जीपचं दार उघडायच्या आत त्याने तो हार ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या गळ्यात घातला. त्या माणसाने हात जोडले, आणि त्याबरोबर जीपवरचा भोंगा सुरू झाला. "लहान कुटुंब, सुखी कुटुंब!" कुटुंब नियोजनाची प्रचाराची जीप होती ती. इंजिन तापलं म्हणून पाणी मागायला आली होती.

पाणी दिलं. भैय्यालालने हार परत मागून घेतला. मग तो तरातरा रेतीत उतरला.

"अहो काकाजी! तुमचे टेकचंदभाऊ येणार तरी कधी? माझं सारं गिऱ्हाईक पळालं!"

कवडूने खुर्चीकडे पाहिलं. सावली पत्रावळीवरून पुढे सरकली होती. चारची एसटी गेली होती. आणखी थोडा वेळ असाच गेला तर टेक्या आजही उपाशी जाणार होता, आणि तोही पुन्हा कवडूच्याच पायी.

"येत नाही तो," कवडू म्हणाला. "मेला तो. पौषात मेला. चार साल मले म्हणत होता, चाल म्हणून. मीच नाही आलो."

म्हटलं एकदाचं! म्हटल्यावर मात्र ते थांबेना. कवडू रेतीत बसून ढसाढसा रडला. चार महिन्यांचं सगळं तिथेच निघालं. भैय्यालाल हार हातात घेऊन तसाच उभा राहिला. रागवावं तर दिवस पितरांचा, आणि न रागवावं तर पाच टेबलं उगाच उचललेली!

मग श्रावणने खांद्यावरचं फडकं काढून भैय्यालालच्या हातात दिलं. "साहेब, आज मले सुट्टी नाही भेटली. घरी माह्या बापाची घागर भराची राहिली. मी बसतो याईच्या दोस्ताच्या नावानं. त्यातच माह्या बापालेबी पोचन."

तो खुर्चीवर बसला, दक्षिणेकडे तोंड करून. कवडूने डोळे पुसत त्याचे पाय धुतले. भैय्यालालने हार श्रावणच्या गळ्यात घातला आणि मरळ स्वतःच्या हाताने पत्रावळीवर वाढली. आपल्याच वेटरला वाढायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. बादलीतल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं आणि ते पाणीही कोमट झालं होतं. बियर द्रोणात ओतली, तर फेस द्रोणाबाहेर आणि बियर तळाशी! श्रावणने घास घेतला, मग एक घोट घेतला. त्याचं तोंड एकदम वाकडं झालं, पण पितर तक्रार करत नाही, म्हणून त्याने दुसराही घोट घेतला.

आता कवडूची पाळी. एक खुर्ची आणून तो श्रावणच्या शेजारी बसला. त्याने द्रोण तोंडाला लावला.

कडू! कडुनिंबाचा काढा बरा! आणि वरून गरम!

कवडूला हसू फुटलं. "का गा टेक्या! याच्यासाठी चार साल मले कोपरं मारलीस? याच्यापेक्षा आपली मोहाची..." असं म्हणत या खेपेला त्यानेच शेजारी कोपर मारलं. ते श्रावणला लागलं. श्रावणने गडबडून त्याच्याकडे पाहिलं. कवडूचं हसू तिथेच विझलं. ही एवढी एक गोष्ट ऐकवायला टेक्याच हवा होता, आणि तोच नव्हता. उरलेली बियर त्याने हळूच रेतीत ओतली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. रुखमिणी उपाशीच बसली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसलं का कोणी पितर?"

"बसला ना."

"कशी होती मंग बियर? थंड होती का?"

कवडूने घटाघटा तांब्या रिकामा केला.

"लई थंड होती," तो म्हणाला. "टेक्याले आवडली."