धूमकेतू आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ

धूमकेतूची कक्षा काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! आकाशात तीनदा त्याची जागा मोजायची, प्रत्येक मोजणीची वेळ टिपायची, की कागदावर त्याची अख्खी वाट उमटते. मग तो हजारो वर्षांच्या फेऱ्यावरून आलेला का असेना! म्हणून बेकरीवाल्या होल्गरच्या दुकानात मी छाती फुगवून सांगितलं, "शनिवारी रात्री नऊला माझ्या अंगणात या. धूमकेतू चर्चच्या मनोऱ्यावर असेल!"

"बरोब्बर मनोऱ्यावर?"

"मनोऱ्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याच्या तुऱ्यावर!"

खरं सांगू? मला धूमकेतूपेक्षा माणसं हवी होती. माझी बीर्टे नोव्हेंबरात गेली आणि वसंत येताच गावाने मला टाळायला सुरुवात केली. रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला जावं, तर बायका कप धुताहेत! गाण्याच्या तालमीला जावं, तर मंडळी कोट चढवताहेत! होल्गरचा राय धान्याचा काळा पावसुद्धा मी पोचेपर्यंत संपलेला. एखाद्या विधुराला इतकं वाळीत टाकावं? घरात रेडिओही लावत नव्हतो. तो तीच लावायची.

शनिवारी मी दाढीसाठी गालांना साबण फासून उभा, आणि दारावर थाप! बाहेर शेजारीण गुड्रुन केक घेऊन, तिच्यामागे होल्गर आणि घडीच्या खुर्च्या घेतलेलं अर्धं गाव!

"अगं, तासभर आधी? डेन्मार्कात असं कुणी येतं का?"

"नऊ म्हणालास, नऊला आलो. तोंडाला काय फासलंयस?"

"आठच तर वाजलेत!" मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. घरात घड्याळ ते एकच. दुर्बीण त्याच खिडकीबाहेर असते, त्यामुळे धूमकेतूच्या वेळाही त्यावरूनच टिपलेल्या.

गुड्रुनने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. "अक्सेल, मार्चअखेर उन्हाळ्यासाठी सगळा देश काटे तासभर पुढे करतो. तू नाही केलेस?"

"ते बीर्टे करते," मी म्हणालो.

मग मला माझ्या मोजण्या आठवल्या. पहिली मोजणी काटे बदलण्याआधीची, ती ठीक. पुढच्या दोन्हींत, गणिताला मूळ वेळ लागते म्हणून, मी उन्हाळ्याचा जादा तास न विसरता वजा केला होता. तो घड्याळात मिळवायचाच राहिला होता!

सगळे मनोऱ्याकडे तोंड करून बसले. कोंबडा होता. धूमकेतू नव्हता.

"तुरा छान दिसतोय हं!" होल्गर म्हणाला.

केक कापता कापता गुड्रुन हळूच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तुलाच कुणी नकोय. सगळं उरकलं की उगवायचास!"

दुसऱ्या दिवशी गणित नव्याने मांडलं. धूमकेतू त्या संध्याकाळी सूर्याबरोबरच मावळला होता. आता तो येणार काही हजार वर्षांनी. मी रडलो. धूमकेतूसाठी नव्हे.

"काटे पुढे करू?" गुड्रुनने खुर्चीवर चढत विचारलं.

"राहू दे. शेवटचे तिने लावलेत. हिवाळ्याच्या तोंडावर सगळा देश तासभर मागे येईल, तेव्हा ते आपोआप बरोबर होतील."

तोवर मी मनातल्या मनात एक तास मिळवतो. कक्षा काढणाऱ्याला एवढं जमायलाच हवं! गेल्या रविवारी मात्र सवयीने वजा केला. दोन तास उशिरा पोचलो तर चर्चचे कप धुऊन, पुसून कपाटात गेले होते. गुड्रुनने एक बाहेर ठेवला होता.