भोवऱ्यातल्या फायली

"मॅडम, तो भोवरा तेवढा काढून टाका," साहेब म्हणाले.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. मोठ्या कालव्याला ओढा येऊन मिळत होता आणि संगमाच्या जरा खाली, ओढ्याच्या बाजूच्या काठाला, निळं पाणी स्वतःभोवतीच गरगर फिरत होतं. सहा आठवडे आकडेमोड करून संगणकाने हे चित्र दाखवलं होतं.

"काढून कसा टाकू, सर? मी काढलेला नाही तो. पाण्याने काढलाय."

"पाण्याने नाही, संगणकाने. आणि संगणकाला खोटं भरवलं की तो खोटंच ओकतो. उद्या समिती येतेय. पिण्याच्या पाण्याचा पाइप नेमका तिथेच बसायचाय, नकाशे छापून झालेत. तिथे कचरा गोळा होणार म्हणून आता सांगू?"

साहेब गेले. बावीस वर्षांपूर्वी ते या प्रयोगशाळेत नवे आले, तेव्हा पाण्याची पातळी कशी मोजायची ते मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं. तेव्हा संगणक कुठला! मागच्या शेडमध्ये सिमेंटचे गुडघाभर उंचीचे कालवे होते. पंप धडधडायला लागला की मिस्त्री "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी ठोकायचे आणि टायपिस्टसुद्धा काम टाकून पळत यायची. मग पाण्यावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि सगळ्यांनी उकिडवं बसून तो कुठे जातो ते बघायचं. ओल्या सिमेंटचा तो वास मॅडमना अजूनही कधीमधी उगाचच यायचा. पुढे संगणक आले आणि शेडला कुलूप लागलं.

मॅडमनी निवृत्त मिस्त्रींना फोन लावला. "काका, पंप चालू होईल का हो?"

पंधराव्या मिनिटाला मिस्त्रीकाका पान्यासकट दारात हजर. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं जणू चपला घालूनच बसले होते.

शेडमधला संगम दुसऱ्याच कुठल्या कालव्याचा होता, पण ओढा त्याच कोनात मिळणारा. दोघांनी मिळून मोठा कालवा झाडला. ओढ्याच्या वरच्या टोकाला ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"ती जुनी वाळू असेल. राहू दे," मॅडम म्हणाल्या.

पंपाने आधी बराच वेळ नखरे केले. "चालू होत नाहीस म्हणजे? तुझ्याआधीचा पंपसुद्धा मला घाबरायचा!" असं म्हणत काकांनी त्याला पान्याचा एक रट्टा दिला. पंप खोकला, थरथरला आणि सुरू झाला. हौद भरला, कालव्यात पाणी आलं, ओढ्यात आलं. काकांना राहवलं नाही. छाती भरून त्यांनी आरोळी ठोकली, "पाणी आलंऽऽ!"

आणि ताडपत्री हलली.

"ताई," काका हळूच म्हणाले, "वाळू तरंगतेय."

ताडपत्रीखालून एक फाइल निघाली. तिच्यामागे दुसरी. मग गठ्ठेच्या गठ्ठे शिस्तीत, रांगेने.

"पंप बंद करा, काका!"

"कसा करू? बटण हातात आलंय!"

एवढ्यात रेकॉर्डवाल्या बाई धापा टाकत आल्या. "अहो, माझ्या फायली!"

"कालव्यात ठेवतात का कुणी फायली?"

"कोरडा होता हो! मला वाटलं, लांबलचक कपाटच आहे!" असं म्हणत त्यांनी थेट पाण्यात उडी घेतली. फाइल एकही हाताला लागली नाही, पायातली रबरी चप्पल मात्र वाहून गेली.

आरोळी ऐकून साहेबही धावत आले होते. ते तोंड उघडणार, तेवढ्यात पहिली फाइल संगमाशी पोहोचली. जराशी पुढे गेली, घुटमळली, काठाकडे वळली आणि स्वतःभोवती फिरायला लागली. दुसरी तिच्या शेजारी आली. तिसरी, दहावी, विसावी... एकही पुढे वाहून गेली नाही.

साहेबांनी नकळत बूट काढले. पँट वर दुमडून ते काठाशी उकिडवे बसले. म्हणाले, "ताई, तो खरंच आहे हो."

ते साहेब झाल्यापासून 'ताई' हा शब्द मॅडमनी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"पाइप कुठे बसायचा होता, साहेब?" काकांनी विचारलं.

साहेबांनी बोट दाखवलं. बरोबर त्या जागी रबरी चप्पल गिरक्या घेत होती.

"मग काय, सगळ्या शहराने माझी चप्पल उकळून प्यायची?" रेकॉर्डवाल्या बाई कडाडल्या.

साहेब अनवाणीच उठले आणि नकाशावरचा पाइप वरच्या अंगाला सरकवायला निघून गेले. काकांनी मेन स्विच शोधून पंप गप्प केला. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर दोऱ्या बांधून फायली वाळत घातल्या होत्या. साहेब दोऱ्यांखालून वाकून वाकून जात होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम ठेवणीतली साडी नेसून संगणकापाशी सज्ज होत्या. पडद्यावर भोवरा, टेबलावर अहवालाच्या सहा प्रती. दहा वाजले, साडेदहा झाले, समितीचा पत्ता नाही. शिपाई येऊन पाच प्रती तेवढ्या घेऊन गेला, तेव्हा मॅडमना जरा हायसं वाटलं. म्हणजे निदान वाचतायत तरी.

अकरा वाजता मात्र त्या उरलेली प्रत घेऊन शोधायला निघाल्या. शेडमधून पंपाची धडधड ऐकू येत होती.

आत समितीचे पाचही जण पँटी दुमडून काठाशी उकिडवे बसले होते. साहेब त्यांना कागदाचे कपटे करून देत होते आणि मंडळी एकेक कपटा पाण्यात सोडून "गेला, गेला... वळला!" म्हणून ओरडत होती. कपट्यांवर मॅडमचीच सहा आठवड्यांची आकडेमोड होती.

"या बाई, या!" समितीचे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष म्हणाले. "तुमचा भोवरा एकमताने मंजूर. कागद आहे का आणखी?"

मॅडमनी हातातल्या शेवटच्या प्रतीकडे पाहिलं. मग साडी सावरून त्या खाली बसल्या, प्रत उघडली आणि सगळ्यात आधी साहेबांची प्रस्तावना फाडली.